बाळाचं वजन झालं, आता आईला विचारा

बाळ झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत बाईला किती प्रश्न विचारले जातात बघा. दूध पुरतं का, टाके सुकले का, बाळ रात्री झोपतं का, शी कसल्या रंगाची होते, पोट बांधतेस ना, डिंकाचे लाडू खातेस ना, नाव काय ठरलं. येणारा जाणारा प्रत्येक माणूस विचारतो, आणि प्रेमानेच विचारतो, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण या सगळ्यात असा एकही प्रश्न नसतो की ज्याला उत्तर म्हणून बाई सांगू शकेल, मला बरं वाटत नाहीये, अंगात ताप नाही, टाके दुखत नाहीत, तरी बरं वाटत नाहीये.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी पेडण्याला झालं आणि दुसरं सासरी, डिचोलीला, दोन्ही गोव्यातच. दुसरीही मुलगी. घरात कोणी वाकडं बोललं नाही, खरंच नाही, सासूबाईंनी तर बारसं हौसेने केलं, पण बघायला येणाऱ्या बायका बाळाचं दुपटं बाजूला करून म्हणायच्या, "आनीकूय चलीच? जांव दी, लक्ष्मी आयली." त्या 'जांव दी'ला, म्हणजे 'असू दे'ला, मी हसायचे आणि त्या गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाऊस धो धो, दुपटी वाळत नाहीत, खोलीत धुरीचा वास, आणि मी सगळं वेळच्या वेळी करतेय, पाजतेय, ढेकर काढतेय, मोठीची वेणी घालतेय, आणि हे सगळं करताना मला काहीच वाटत नाहीये. रडू येत असतं तर निदान कोणी विचारलं असतं. पहाटे बाळ उठायच्या आधीच मी जागी असायचे आणि डोक्यात एकच विचार, की या दोन मुलींना माझ्यापेक्षा दुसरी कुणीतरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं.

गणपतीची चवथ आली. लहानपणापासून मला चवथीपेक्षा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळापानांची जी चौकट बांधतात तिचं, वेड जास्त, वडिलांबरोबर रानात जाऊन फळं, पानं, वेली गोळा करायच्या, बाजारातली आयती माटोळी आमच्या घरात कधी चालायचीच नाही. त्या वर्षी घरच्यांनी माटोळी बांधली आणि मी मान वर करून बघितलं सुद्धा नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण बाळंतीण दमलेलीच असते असं सगळे धरून चालतात. पाठ आणि डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे मात्र दोन-तीनदा जाऊन आले. कॅल्शियम, आयर्न, "आराम करा" एवढं मिळालं. हळूहळू, पुढच्या वर्षी कधीतरी, ते आपसूक उतरलं. त्याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असं नाव असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते परवा-परवा, भाचीमुळे. ती नर्सिंग शिकली, आता नोकरीला आहे. ट्रेनिंगमध्ये तिला बाळंतिणींसाठीची एक प्रश्नावली शिकवली होती, आणि इंग्रजी फॉर्मवरून आपल्या बायकांना ती विचारायची कशी हे तिचं तिलाच सुधरेना, म्हणून एका संध्याकाळी आमच्या बाल्कांवात बसून म्हणाली, "मावशी, मी मराठीत विचारते, तू तुझ्या बाळंतपणाचे दिवस आठवून उत्तर दे, मला सराव होईल." दहा प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरं, शून्य ते तीन मार्क, गेल्या सात दिवसांत तुला कसं वाटलं एवढंच विचारायचं. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, काही बिघडलं की उगाच स्वतःलाच दोष देतेस का, कारण नसताना काळजी, भीती वाटते का, कामं अंगावर येतात का, मन इतकं खराब असतं का की झोप लागत नाही, रडू येतं का. ओढ वाटते का म्हटल्यावर मला माटोळी आठवली आणि मी तिला "नाही" म्हटलं. दोष देण्याच्या प्रश्नाला मी सरळ तीन मार्क दिले. दहावा प्रश्न होता, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं का. भाचीने तो वाचला आणि खाली बघत बसली. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, नवऱ्याने नाही, आईने नाही, मी स्वतःलाही नाही. मी तिला जे खरं होतं ते सांगितलं. बेरीज सतरा झाली.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. शाळामास्तरीण असल्यामुळे मार्क आणि बेरीज म्हटलं की मला पहिला संशय येतो, दहा प्रश्नांत माणसाचं मन कसं मोजणार? पण या कागदाची गोष्ट वाचल्यावर तो संशय बराचसा गेला. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की या तिघांनी तो तयार केला, एडिनबर्ग पोस्टनेटल डिप्रेशन स्केल असं त्याचं नाव, डॉक्टर लोक नुसतं ईपीडीएस म्हणतात. तिकडे बाळ झाल्यावर घरी भेट द्यायला हेल्थ व्हिजिटर येतात, त्यांच्या हातात काहीतरी साधं, पाच मिनिटांत होणारं असावं हा हेतू. आणि मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही वाटली, की डिप्रेशनच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत थकवा येतो का, भूक लागते का, वजन कमी झालं का असले प्रश्न असतात, ते यांनी मुद्दाम वगळले. कारण दीड महिन्याचं बाळ असलेली कुठलीही बाई थकलेलीच असते! झोपेचं विचारलंय, पण तेही मन खराब असल्यामुळे झोप लागत नाही का असं विचारलंय, बाळ उठवतं म्हणून जागी राहणारी बाई त्यात अडकत नाही. हे ज्यांना सुचलं त्यांनी आया जवळून बघितल्या असणार.

तीसपैकी तेरा किंवा जास्त आले तर डिप्रेशनची शक्यता बरीच आहे असं मूळ संशोधन सांगतं. पण हा आकडा म्हणजे काही देवाची रेघ नाही, भाषा बदलली, समाज बदलला की तो वर-खाली होतो, काही ठिकाणी दहावरच थांबून नीट चौकशी करतात. आणि बेरीज म्हणजे निदान नव्हे, हे शंभर वेळा सांगावं लागतं. एक साधा हिशोब करून बघा. समजा शंभर बाळंतिणींत वीस जणींना खरोखर डिप्रेशन आहे, आणि प्रश्नावली चांगली आहे, म्हणजे त्या वीसमधल्या अठरा पकडते. राहिलेल्या ऐंशीमध्ये काहीजणींची रात्र वाईट गेलेली असेल, कुणाचं नुकतंच भांडण झालं असेल, त्यातल्या बाराजणींचा स्कोअर पण वर येईल. म्हणजे कागद तीस जणींवर बोट ठेवतो, त्यातल्या अठराच आजारी, आणि दोघी सुटल्याच. म्हणून वर आलेल्या प्रत्येकीशी जाणत्या माणसाने बसून बोलायला हवं, गरज वाटली तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायला हवं, आणि ज्या दोघी सुटल्या त्यांच्यासाठी सिस्टरचं स्वतःचं निरीक्षण हवं, स्कोअर चार आला पण बाई बाळाकडे बघतच नाही तर त्या चारला काही अर्थ नाही. दहाव्या प्रश्नाचं तर वेगळंच आहे. बाकी सगळे शून्य असोत, त्या एकाला 'हो, कधीकधी' आलं की त्या बाईला त्या दिवशी नुसतं घरी पाठवायचं नाही.

आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे रडू येतं, कारण नसताना डोळे भरतात, ते अर्ध्याहून जास्त बायकांना होतं आणि आठ-दहा दिवसांत जातं, तो आजार नाही. उलट टोकाला हजारात एक-दोघींना भास होतात, बाळाबद्दल भलतेसलते विचार पक्के होतात, झोपच उडते, तिथे प्रश्नावलीचा संबंधच नाही, थेट इस्पितळ गाठायचं.

आता मला ज्याने खरा धक्का बसला ते सांगते. मी समजत होते हे सगळं परदेशातलं किंवा फार तर मुंबई-पुण्यातलं संशोधन असणार. तर आपल्या गोव्यातच, आपल्याच बायकांवर, या विषयातलं एक नावाजलेलं काम झालंय आणि मी डिचोलीत बसून त्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीपासून भेटायला सुरुवात केली, मग बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं, जवळजवळ चौघींत एक. त्यातल्या ७८ टक्के बायका बाळंत व्हायच्या आधीपासूनच मनाने बऱ्याच खचलेल्या होत्या. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही आजारीच. कारणं काय, तर पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगी होणं. मुलगी झाली की घरातली मारहाण, उपाशीपोटी राहणं या बाकीच्या गोष्टींचा भारही आणखी बदलतो असं त्यांना दिसलं. मी ते वाचून बराच वेळ काही बोलले नाही. शिकलेला गोवा, सुधारलेला गोवा म्हणतो आपण, आणि 'जांव दी, लक्ष्मी आयली' याचा हिशोब इथे कागदावर मांडून ठेवलेला.

अजून एक गोष्ट त्यात आहे. डिप्रेशन असलेल्या आया डॉक्टरकडे कमी जात नव्हत्या, उलट इतरांपेक्षा जास्त जात होत्या. माझ्यासारख्याच, पाठ घेऊन, डोकं घेऊन. म्हणजे बाई समोर खुर्चीत येऊन बसलेली आहे, तिला शोधायला रानात जायचं नाहीये, फक्त विचारायचंय. पुढच्याच वर्षी याच गटाने बाळांबद्दल लिहिलं, की डिप्रेशन असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांना वजनात मागे राहण्याचा धोका जास्त. घरातल्यांना आईच्या मनाचं पटत नसेल तर निदान हे तरी पटावं, असं एकदा वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं, की बाळाच्या वजनाची साक्ष काढल्याशिवाय आईचं दुखणं दुखणं ठरू नये का? आई स्वतः एक माणूस आहे एवढं कारण पुरायला हवं.

विचारायचं कुणी आणि कुठे, माझ्या मते सगळं यावर अवलंबून आहे. मी भाचीला म्हटलं, हे प्रश्न माझ्या सासूबाईंसमोर विचारले असतेस तर माझा स्कोअर शून्य आला असता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्यासमोर 'मला हसू येत नाही' म्हणणं म्हणजे घराची तक्रार केल्यासारखं. आपल्याकडे बाळंतीण कधी एकटी सापडतच नाही. इस्पितळात सासू, नाहीतर आई, नाहीतर नणंद, बाळ हातात, पिशवी खांद्याला. मग विचार करताना मला आमची न्हाऊ घालायला येणारी बाई आठवली. म्हातारी, साखळी गावाच्या बाजूची, रोज सकाळी यायची, तेल लावून कढत पाण्याने शेकायची. घरातल्या कुणालाही त्या वेळी न्हाणीघरात यायची परवानगी नव्हती, दार बंद, आत आम्ही दोघीच आणि पाण्याचा आवाज. एक दिवस पाठ चोळता चोळता ती म्हणाली, "बाये, तुका बरें दिसना मगो?" एवढंच. मी काही बोलले नाही, पण रडले, पहिल्यांदा, आणि ती पाणी ओतत राहिली. तिला स्केल-बिल काही माहीत नव्हतं, पण बंद दार, अंगावर हात, आणि बाहेर जाऊन बोभाटा न करणारी बाई, हे तिच्याकडे होतं. आता त्या बायका राहिल्या नाहीत, फ्लॅटमध्ये तर नाहीच नाही, आणि त्यांच्याबरोबर ती एकांताची जागाही गेली. सिस्टरच्या हातात फॉर्म देताना ती जागा पण द्यायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझ्या डोक्यात तर जागा आणि वेळ दोन्ही पक्की आहेत. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला प्रत्येक आई येते, मग अडीच महिन्यांची, मग साडेतीन महिन्यांची. गोव्यात ही लस चुकवणारं घर क्वचितच सापडेल. त्या दिवशी बाळाचं वजन होतं, कार्डावर लिहिलं जातं, लस टोचली की अर्धा तास तिथेच बसायला सांगतात. तो अर्धा तास रिकामाच असतो. बाळ आजीकडे द्या, आजीला बाहेर बाकावर बसवा, आईला पडद्यामागे एका खुर्चीत बसवा आणि विचारा. वाचता येत असेल तर कागद तिच्या हातात द्या, नसेल तर वाचून दाखवा. कोकणी आणि मराठीत कागद असून भागणार नाही, कारण लसीच्या रांगेत कन्नड बोलणारी असते, हिंदी बोलणारी असते, बांधकामावर आलेली असते जिला इथे आई नाही, सासू नाही, शेजारीण नाही, तिलाच कदाचित सगळ्यात जास्त गरज. दहा प्रश्न जमत नसतील इतकी गर्दी असेल तर दोन तरी विचारा, इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दोनच विचारतात, गेल्या महिन्यात मन सारखं खिन्न, निराश वाटत होतं का, आणि कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का. कुठल्याही एकाला हो आलं की मग पुढचे. आणि आजारी आयांपैकी ७८ टक्के आधीपासूनच खचलेल्या असतील तर हेच आठव्या महिन्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट बघताना एकदा विचारलं पाहिजे, बाळंतपणाची वाट कशाला बघायची.

भाचीचं यावर एक म्हणणं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ती म्हणते, "मावशी, विचारायला मला पाच मिनिटं लागतात, पण ती रडायला लागली की पुढे मी काय करू? मागे सत्तर बाळं रांगेत." तिचं बरोबर आहे. विचारून सोडून देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली सगळ्या बाळंतिणींना विचारा असं सुचवलं तेव्हाही अट घातली होती की पुढच्या तपासणीची आणि उपचाराची सोय असलीच पाहिजे. पण पुढे काही करायला मोठे मनोविकारतज्ज्ञच लागतात असं नाही, हेही आपल्या गोव्यातच करून बघितलेलं आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेच्या लोकांनी गावातल्याच, स्वतः आया असलेल्या साध्या बायकांना ट्रेनिंग दिलं, त्यांना 'सखी' म्हणायचे. डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांच्या घरी या सख्या जायच्या, बाळंतपणानंतरही जात राहायच्या, बोलायच्या, रोजच्या छोट्या छोट्या गोष्टी ठरवून करायला लावायच्या, घरच्यांना सामील करून घ्यायच्या. २८० बायकांवर हा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये छापून आला. फार मोठा चमत्कार झाला नाही, पण सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बायका सखी मिळालेल्या गटात जास्त होत्या. म्हणजे माणूस मिळालं तर फरक पडतो. माझ्यासारख्या बाईला, जिच्या मुली आता मोठ्या झाल्यात, कुणी हे काम शिकवलं तर मी उद्या तयार आहे, आणि माझ्या ओळखीत अशा कितीतरी आहेत.

काहींना औषध लागतं, आणि तिथे घरातले अडतात, गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल म्हणून. नेहमीच तसं नसतं. सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनवरची औषधं अंगावर पाजणाऱ्या आयांना दिली जातात, कुणाला कुठलं आणि किती हे डॉक्टर ठरवतील, पण दुधाच्या भीतीने दारातूनच परत फिरू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण तपासून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी बाई अशीच मरगळते. आणि बांबोळीला मानसोपचाराच्या इस्पितळात नेलं की बाई 'वेडी' ठरते, नवऱ्याकडचे सोडून देतात, मूल काढून घेतात, ही भीती मी स्वतः बायकांच्या तोंडून ऐकली आहे. तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग २००९ पासून आहे. आपल्याकडे बांबोळीला तशा चार खाटा झाल्या तर किती बरं होईल.

तोपर्यंत १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, आणि फोन बाळंतिणीनेच करायला हवा असं नाही. नवऱ्याने करावा, बहिणीने करावा, सासूने केला तर फारच उत्तम. भाचीने आता लसीच्या टेबलाशेजारी एक जादा खुर्ची मागून घेतली आहे, पडदा अजून मिळायचाय. मी तिला घरातली जुनी साडी दिली आहे, दोरी बांधून लाव म्हटलं.